भोगीची भाजी पहिल्यांदाच करताय? बाजाराच्या पिशवीपासून नैवेद्याच्या ताटापर्यंत

भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बहुतेक वर्षी ती 13 जानेवारीला येते. 2024 सारखी संक्रांत 15 तारखेला गेली, की भोगी 14 ला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त नव्याने आलेल्यांवर, किंवा आजवर घरात आई-सासूच करायची म्हणून कधी हात लावला नाही अशांवर, या दिवशी ही भाजी एकट्याने करायची वेळ येते. त्यांच्यासाठी हे जरा बैजवार लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. या भाजीत आठ-दहा जिन्नस पडतात आणि प्रत्येकाची शिजण्याची वेळ निराळी असते. सगळं एकदम पातेल्यात घालून झाकण ठेवलं, की वांग्याचा गाळ होतो आणि पावटा मात्र दाताखाली कच्चा लागतो. मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी भाजी आवडीने खाल्ली जाते. क्रम चुकला तर ताटात नुसता लगदा येतो. घासागणिक गाजर वेगळं, घेवडा वेगळा, सोलाणा म्हणजे सोललेला ओला हरभरा वेगळा लागला पाहिजे. तेवढं जमलं की भोगीची भाजी जमली.

बाजार

भाजी भोगीच्या आदल्या दिवशी सकाळीच आणा. संध्याकाळी बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते आणि चांगला माल तोवर उचललेला असतो. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मावश्या पाटीत घेवडा, पावटा, तुरीच्या शेंगा, गाजर, हरभऱ्याचं डहाळं असं सगळं मांडून बसतात. या दिवसांत बऱ्याच जणी पाच-सहा भाज्यांचा एकत्र वाटा लावून ठेवतात. वाटा सोयीचा असतो, पण नवख्यांनी सुटं घ्यावं असं माझं मत आहे, कारण वाट्यात वांगी हमखास मोठी आणि घेवडा निबर निघतो. मराठी-कन्नड दोन्ही तिथे चालतं. ‘मावशी, कवळा घेवडा बघून द्या’ एवढं म्हटलं तरी त्या स्वतः निवडून देतात.

वांगी लहान, काटेरी देठाची, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकी लागणारी घ्या. जड वांग्यात बी भरलेलं असतं. प्रत्येक वांगं फिरवून बघा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाजूला ठेवा. घेवड्याची शेंग मोडली की पटकन तुटली पाहिजे. वाकली तर ती निबर. तुरीच्या शेंगा हिरव्या आणि भरलेल्या बघाव्यात, साल तपकिरी पडू लागली की आतला दाणा पिठूळ लागतो.

ओल्या हरभऱ्याबाबत जरा थांबते. सोललेला दाणा बाजारात मिळतो, पण कधी कधी वाळका हिरवा हरभरा रात्रभर भिजवून तोच ताजा म्हणून विकला जातो. तो दाणा सगळा एका मापाचा, टम्म फुगलेला आणि साल सुटायला आलेला असतो. ताज्या सोलाण्यात लहान-मोठे दाणे मिसळलेले असतात आणि नखाने दाबला की दाणा मऊ लागतो. शक्य असेल तर डहाळंच घ्या. वेळ जातो खरा, पण या भाजीची गोडी त्या दाण्यात आहे.

आणखी एक: बोरं, गाजर, घेवड्याच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि उसाची कांडी दुसऱ्या दिवशीच्या सुगडांनाही लागतात. पिशवी घरात आली की आधी सुगडांचा वाटा काढून वेगळा ठेवा, मग सुरी हातात घ्या. नाहीतर संक्रांतीच्या सकाळी बोरासाठी बाजार गाठावा लागतो.

सहा ते आठ माणसांचं माप

वांगी पाव किलो, घेवडा 200 ग्रॅम, गाजरं मध्यम दोन, बटाटा एक, सोललेला ओला हरभरा एक वाटी, सोललेला ओला पावटा एक वाटी, तुरीचे दाणे अर्धी वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी, आंबट गावठी बोरं सहा-सात. पावटा ओला मिळाला नाही तर वाळका अर्धी वाटी घेऊन रात्री भिजत घाला. काही घरी उसाचे दोन-तीन करवेही टाकतात. लहान मुलं ते शोधून शोधून खातात.

कुटासाठी पांढरे तीळ चार मोठे चमचे, कारळ एक चमचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पाव वाटी, किसलेलं सुकं खोबरं पाव वाटी, धणे दोन चमचे, जिरं एक चमचा, दोन लवंगा आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. कारळ पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना कदाचित नवं असेल. बारीक, काळं, चकचकीत बी असतं. किराणा दुकानात गुरेळ्ळु म्हणून मागितलं की लगेच पुढे येतं. त्याचा खमंगपणा तिळाला खाली खेचत नाही, उलट उचलून धरतो. मी ते कधीच वगळत नाही.

शिवाय तिखट, हळद, हिंग, मोहरी, कढीपत्ता, लहान लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, मीठ, कोथिंबीर आणि चार मोठे चमचे तेल. तेल शेंगाचं किंवा करडईचं असावं.

तिखटाचं सांगते. ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती रंग देते, जाळ फार करत नाही. संकेश्वरी मिरची आपल्याच हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वराच्या नावाची, आणि ती चांगलीच झणझणीत. या मापाला ब्याडगीचं तिखट दोन लहान चमचे आणि संकेश्वरीचं पाव ते अर्धा चमचा पुरे. घरात ‘चटणी’ म्हणून जो कांदा-लसणीचा लाल मसाला भरलेला असतो, तो सुरुवातीला घालू नका. तो कधी घालायचा ते पुढे येईल.

आदल्या रात्रीची कामं

सगळी कामं भोगीच्या सकाळवर ठेवली, तर अभ्यंगस्नान, भाकऱ्या आणि भाजी यांची एकच गर्दी होते. रात्री शेंगदाणे भिजत घाला. वाळका पावटा असेल तर तोही, निदान आठ तास.

मग सोलायला बसा. हरभऱ्याच्या डहाळ्यावर आंब असते. झाडच ते आंबट पाणी पानांवर आणि घाट्यांवर सोडतं. थोड्या वेळात बोटं चिकट होतात, नखांच्या कडा काळवंडतात आणि हाताला काही जखम असेल तर चांगलीच झोंबते. म्हणून जुडी आधी पाण्यातून दोनदा खळबळून काढा आणि कापडावर निथळू द्या. घाटा अंगठ्याने टोकाकडून दाबला की फट् करून उघडतो, आत एक किंवा दोन दाणे. वाटीभर दाणे व्हायला बराच वेळ लागतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना सोबत बसवा. निम्मे दाणे तोंडात जाणार हे धरूनच जुडी जास्त आणा.

घेवड्याच्या दोन्ही कडांच्या शिरा काढा आणि प्रत्येक शेंग उघडून आत बघा. ‘वरून चांगली दिसते’ म्हणून एकही शेंग तशीच मोडू नका. अळी बाहेरून दिसत नाही. आत दाण्याशेजारी काळसर भुसा दिसला की ती शेंग टाकायची. बोरांनाही एक चीर देऊन आत नजर टाकायची.

कूट रात्रीच करून ठेवला तरी चालतो. कढई मंद आचेवर तापवा आणि एकेक जिन्नस वेगळा भाजा. तीळ तडतडू लागले, थोडे फुगले आणि रंग किंचित बदलला की लगेच ताटात काढा. कढईतच ठेवले तर विस्तव बंद केल्यावरही ते भाजले जात राहतात आणि कडवट होतात. कारळ मुळातच काळं, त्यामुळे रंगावरून काही समजत नाही. तडतड सुरू होऊन खमंग वास आला की उतरवायचं. खोबरं बदामी, धणे-जिरं वास येईपर्यंत. सगळं गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर वापरणार असाल तर एकदम फिरवू नका. थांबून थांबून, दोन-तीन झटके. जास्त फिरवलं की तिळाला तेल सुटून गोळा होतो आणि रस्सा तेलकट होतो. शेंगदाण्याचा कूट शेवटी हाताने मिसळा.

भोगीची सकाळ: पातेलं

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. कुकर नको. कुकरमध्ये झाकण उघडून पुढची भाजी घालता येत नाही, आणि या भाजीचं सगळं काम तर तेवढंच आहे. फार घाई असेल तर शेंगदाणे आणि पावटा तेवढे एक शिट्टी काढून घ्या, बाकी सगळं पातेल्यातच.

पाणी कोणतं वापरता तेही बघा. भांड्याला पांढरा थर धरणारं बोअरचं जड पाणी असेल तर कडधान्य शिजायला फार वेळ घेतं. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी येतं, ते भरून ठेवलेलं असेल तर तेच घ्या. शेजारच्या शेगडीवर एका भांड्यात पाणी उकळत ठेवा. शिजत्या भाजीत गार पाणी ओतलं की दाणा आकसतो, अशी जुनी समजूत आहे. ती सोडली तरी उकळी मोडते आणि तुमची सगळी वेळ चुकते, हे नक्की.

वांगी आणि बटाटा चिरून मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे काळे पडणार नाहीत. वांग्याच्या चार फोडी, बटाट्याच्या त्याहून जरा लहान, गाजराचे बोटभर जाडीचे तुकडे. घेवडा हाताने दोन-तीन ठिकाणी मोडायचा.

तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता, हळद. लगेच भिजवलेले शेंगदाणे, पावटा आणि तुरीचे दाणे घाला. दोन मिनिटं परता, दाण्यांना तेल लागू द्या. मग एक वाटी उकळतं पाणी घालून वर ताट ठेवा आणि ताटात थोडं पाणी ओता. आच मध्यमापेक्षा कमी. दहा मिनिटांनी एक पावटा चमच्यावर घेऊन दोन बोटांत दाबा. कडा दबतात पण मधे अजून कणी लागते, असं झालं की पुढच्या भाज्यांची वेळ झाली. अजून कडकच असेल तर आणखी पाच मिनिटं द्या. इथे घाई केली तर पुढे कुठेच भरून काढता येत नाही.

आता बटाटा, गाजर, घेवडा आणि ओला हरभरा. दीड लहान चमचा मीठ, ताटातलं तापलेलं पाणी आत ओता, वर पुन्हा नवं पाणी. सात-आठ मिनिटं. घेवड्याचा हिरवा रंग जरा गडद होतो आणि बटाट्यात सुरीचं टोक अर्धवट शिरतं.

मग वांगी. त्यांचं पाणी निथळून घ्या, वर तिखट भुरभुरा आणि पातेलं दोन्ही बाजूंनी धरून एकदा उसळवा. डाव घालून ढवळू नका, फोडी मोडतात. बोरं आणि उसाचे करवे घालायचे असतील तर आत्ताच. झाकण ठेवून सहा-सात मिनिटं, म्हणजे वांग्याच्या सालाला सुरकुती येते आणि गर पारदर्शक दिसू लागतो.

चिंच आणि गूळ त्यानंतरच. ही भाजी पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथे चुकतात, कारण आमटीच्या सवयीने चिंच आधीच पडते. आंबट पाण्यात दाणे आणि बटाटा लवकर मऊ होत नाहीत. चिंच लवकर पडली तर तासभर शिजवूनही पावटा कडक राहील. तेव्हा सगळं शिजल्याची खात्री करा, मग चिंचेचा कोळ आणि गूळ घाला आणि एक उकळी येऊ द्या.

सगळ्यात शेवटी कूट. तो पडताच रस्सा झपाट्याने दाटतो, म्हणून अर्धी वाटी उकळतं पाणी हाताशी ठेवा. उरलेला एक लहान चमचा मीठ घाला, आच अगदी मंद करा आणि चार-पाच मिनिटं ठेवा. या वेळात बुड लागण्याची भीती सर्वांत जास्त असते. उलथणं तळाशी अलगद फिरवून घ्या. कडेला तेलाचा तवंग दिसू लागला की विस्तव बंद करा, कोथिंबीर घाला आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. लगेच वाढू नका. तीळ रस्सा शोषून घेतो आणि खरी चव त्यानंतर येते. भाजी भाकरीवर घेतली तर ओघळू नये इतपत दाट हवी.

नैवेद्य, मीठ आणि लसूण

आपल्याकडे बऱ्याच घरांत नैवेद्य दाखवण्याआधी चव घेत नाहीत. मग मिठाचा अंदाज कसा? वर दिलेलं अडीच सपाट चहाचे चमचे हे माप या प्रमाणाला बेताचं आहे. थोडं कमीच लागेल, जास्त होणार नाही. चमचा नेहमी एकच वापरा आणि सपाट करून भरा. कमी पडलं तर ताटात डाव्या बाजूला मीठ असतंच. खारट झालेल्या भाजीला मात्र उपाय फारसा नाही. चमचा मोजून घालण्यात कमीपणा कसला? हाताच्या अंदाजाने घालणाऱ्या आज्जींनी तो अंदाज वर्षानुवर्षे रोज घालून कमावलेला असतो.

नैवेद्याला कांदा-लसूण नको असेल तर इथवरची भाजी तशीच वाढा. नैवेद्याचा वाटा काढला, की उरलेल्या भाजीला वरून दुसरी फोडणी द्या: दोन चमचे तेलात ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या लालसर करा, विस्तव बंद करून त्यात चमचाभर घरची चटणी घाला आणि लगेच भाजीवर ओता. चटणीत बहुधा मीठ असतं, म्हणून आता मात्र चव बघूनच आणखी मीठ. बिनलसणीची भाजी मला जास्त आवडते, कारण तीळ आणि सोलाणा तिच्यात स्वच्छ लागतो. पण घरातली तरुण मंडळी दुसऱ्या फोडणीची वाट बघत असतात, हेही तितकंच खरं.

सोबत काय

बाजरीची तीळ लावलेली भाकरी. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, त्यामुळे महिन्यापूर्वीचं पीठ वापरू नका; भोगीच्या दोन दिवस आधी गिरणीतून लागेल तेवढंच दळून आणा. भाकरी थापून झाली की वर तीळ पसरून हलक्या हाताने दाबा आणि तव्यावर टाकताना तिळाची बाजू खाली ठेवा. वरच्या बाजूला नेहमीसारखं पाणी फिरवा. भाकरी अजून थापता येत नसेल तर त्यासाठी भाजी अडवू नका. बाजारात सज्जीच्या, म्हणजे बाजरीच्या, वाळक्या, तीळ लावलेल्या रोट्या मिळतात. शेजारच्या कन्नड घरांत संक्रांतीला त्या एण्णेगाईबरोबर (भरल्या वांग्याबरोबर) खातात आणि या भाजीबरोबरही त्या छान लागतात. बाकी ताटात लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, शेंगदाण्याची चटणी, दही. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं म्हणतात, त्यामुळे या दिवशी कोणी पाहुणा अचानक आला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून माप दोन माणसांनी जास्तच धरा.

काही बिघडलं तर

रस्सा पातळ राहिला तर पीठ लावू नका. दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घाला आणि पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. तिखट जास्त झालं तर गूळ वाढवण्याआधी एक बटाटा वेगळा उकडून, फोडी करून घाला. नुसता गूळ घालत गेलात तर भाजी गोडमिट्ट होते. बुड लागल्याचा वास आला तर ढवळू नका. विस्तव बंद करून वरची भाजी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, तळाला चिकटलेली तशीच सोडा. पावटा कच्चा राहिल्याचं चिंच घातल्यानंतर लक्षात आलं, तर तेवढे दाणे झाऱ्याने वेचून साध्या उकळत्या पाण्यात वेगळे शिजवा आणि परत घाला. किचकट आहे, पण बाकीची भाजी वाचते.

उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. ती स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून ठेवा. चिंच घातलेली भाजी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात रात्रभर राहू देऊ नका. चव उतरते आणि पोटालाही बरं नाही. गरम करताना आधी थोडं उकळतं पाणी घालून सैल करा, मग मंद आचेवर ठेवा. संक्रांतीला दुपारी पोळ्या असतात, तेव्हा ही भाजी सकाळच्या न्याहारीला ज्वारीच्या भाकरीबरोबर संपवावी.